मुतखडा झाल्यावर दूध-दही बंद करावं का?

तुम्ही विचारलंय की आईचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, तर दिवसाला किती मिलिग्रॅम ऑक्झलेट चालतं, आणि नातेवाईक म्हणतात तसं दूध-दही बंद करायचं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अजिबात बंद करू नका.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलंय. अकोला जिल्ह्यात, खारपाणपट्ट्यातल्या गावात राहते आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. पोरांना ऑक्झॅलिक आम्ल (ऑक्झलेट म्हणजे याच आम्लाचा क्षार) सांगताना हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेपासून सुरुवात करते. पहाटे हरभऱ्यातून चाललं की पाय चुणचुणतात, त्या आंबेत मॅलिकसोबत हेच आम्ल असतं.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खडा झाला तेव्हा माझ्या भासऱ्यांनी (मोठ्या दिरांनी) घरात फर्मान काढलं: खड्यात कॅल्शियम आहे, म्हणजे दूध, दही, ताक बंद. दावणीला म्हशी आणि म्हाताऱ्या माणसाच्या ताटात कोरडी भाकर! रक्त वाढतं म्हणून पालक मात्र चालू, धोप्याच्या (अळूच्या) वड्याही चालू. मी म्हटलं, हे नेमकं उलटं चाललंय. त्यावर उत्तर आलं, "शायेतलं ग्यान शायेतच राहू दे."

मी सांगत होते ते एवढंच. जेवणात कॅल्शियम असलं की ते ऑक्झलेटला आतड्यातच धरतं. दोघांचा मिळून होणारा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे तो शौचावाटे निघून जातो. कॅल्शियम काढून टाकलं तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात जाऊन तिथल्या कॅल्शियमला गाठतं. इटलीत बोर्घी आणि सहकाऱ्यांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं हेच तपासलं. अर्ध्यांना कमी कॅल्शियम दिलं, अर्ध्यांना नेहमीएवढं कॅल्शियम पण कमी मीठ आणि कमी मांस. पहिल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. २००२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलंय.

मामाजी भर उन्हात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला जायचे. गावचं पाणी खारं, म्हणून दिवसभरात घोट-दोन घोट प्यायचे. लघवी हळदीसारखी पिवळी. पुढच्या उन्हाळ्यात परत कळ आली. तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "ताक कशाला बंद केलं? पाणी वाढवा, मीठ कमी करा." माझंच वाक्य, पण डॉक्टरांच्या तोंडून आल्यावर सगळ्यांना पटलं. भासऱ्यांनीही मान डोलावली. सून वर्षभर तेच सांगत होती, हे कोणी बोललं नाही. लग्नाकार्यात पंगतीला भासरे आजही कोणालातरी दही बंद करायला सांगतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

मिलिग्रॅम मोजत बसू नका. लघवीतल्या ऑक्झलेटचा मोठा वाटा आपलं यकृतच तयार करतं. पालक मात्र खरंच जड, शंभर ग्रॅममध्ये कित्येकशे मिलिग्रॅम. रोज खाऊ नका. खायचाच तर उकळून पाणी फेकून द्या, विरघळणारं ऑक्झलेट त्या पाण्यात जातं, आणि सोबत दही घ्या. चुका, राजगिरा, धोपा यांनाही तेच लागू. मेथी खुशाल खा. टमाटरच्या बियांनी खडा होतो हे तर निव्वळ खोटं आहे, त्यात ऑक्झलेट नगण्य असतं. पाणी इतकं प्यायला हवं की दिवसाची लघवी दोन-अडीच लिटर भरेल. आपल्याकडच्या मे महिन्यात त्यासाठी तीन-चार लिटरही कमी पडतात. लोणचं, पापड आवरा, ताकातही मीठ चिमूटभरच. मीठ जास्त झालं की लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

हे सगळं कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यासाठी. युरिक ॲसिडचा किंवा संसर्गातून झालेला खडा वेगळा. आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. कॅल्शियमची गोळी म्हणजे दही नव्हे, ती मनाने सुरू करू नका. 'क' जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्याही नकोत, त्यांचं शरीरात ऑक्झलेट होतं. कळेसोबत थंडी वाजून ताप आला तर घरी थांबू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.