मुळ्याची पानं चाळण झालीत, काय करू?

प्रश्न : भातकापणी झाल्यावर परसात मुळ्याचे वाफे केलेत. रोपं आत्ता कुठे दोन पानांवर आलीत आणि पानांची पार चाळण झालीय. हात लावला की बारीक काळे किडे टणाटण उडतात. शेजारच्या काकी म्हणतात राख टाक, दुकानदार म्हणतो ही बाटली मार. कोणाचं ऐकू? – एक वाचक, गुहागर

उत्तर : काकींचं ऐका, बाटली राहू दे दुकानात. पण आधी किडा कोण ते बघून घ्या, कारण उडणारं काही दिसलं की लोक सगळ्यांना एकच औषध मारत सुटतात. सकाळी ऊन चढायच्या आत वाफ्याजवळ बसा, पानाखाली पांढरा कागद धरा आणि पानाला हलकी टिचकी मारा. दोन-तीन मिलिमीटरचा चकचकीत काळा किडा कागदावर पडला आणि लगेच टुणकन गायब झाला तर तो पिसू भुंगेरा, मागच्या मांड्या जाड असतात त्याच्या, आधी उडी मारतो आणि मग वाटलं तर उडतो. पांढरे कण भुरकन उडून परत पानाच्या खालच्या बाजूला बसले तर पांढरी माशी. आणि हिरवट-करडे किडे जागचे हललेच नाहीत, पान चिकट लागलं, तर मावा, मळभ आलं की तो हमखास वाढतो.

तुमचा भुंगेराच दिसतोय. त्याचा खरा त्रास रोप कोवळं असतानाच, म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे. एकदा पाच-सहा पानं झाली की थोडी भोकं पडली तरी मुळा पोसतो, उगाच घाबरू नका.

राख लाकडाची, चुलीतली घ्या आणि चाळून घ्या, प्लास्टिक-कचरा जाळलेली अजिबात नको. पानांवर दव असतानाच भुरभुरवा म्हणजे चिकटते. झारीने वरून पाणी घातलंत की ती धुऊन जाणार, म्हणून पाणी मुळाशी सोडा नाहीतर परत टाका. आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, थोडी राख पडली तर बिघडत नाही, पण थर देऊ नका. वाफा कोरडा पडू देऊ नका, सुकलेल्या वाफ्यात रोप वाढत नाही आणि भुंगेऱ्याला आयतं सापडतं.

राखेने भागलं नाही तर निंबोळी अर्क : ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, चिमूटभर साबण घालायचा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारायचं. बाटलीला नाही म्हणायचं कारण साधं आहे, विरळणी केलेल्या रोपांचा पाला तुम्ही भाजीत घालणार ना? मुळा तर ४०-४५ दिवसांत काढायला येतो, आज मारलेलं विष उतरायला वेळच कुठे मिळतो.

पुढच्या वेळी पेरल्या दिवशीच वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणा आणि कडा मातीत दाबा. मुळा कंदासाठी लावलाय, मधमाशी आत यायची गरज नाही, त्यामुळे काढेपर्यंत राहिली तरी चालते. फक्त ज्या जागी आत्ता मुळा, मोहरी, कोबी असं काही होतं तिथे नको, कारण भुंगेऱ्याच्या अळ्या मातीत मुळांवर वाढतात आणि मग तो मच्छरदाणीच्या आतच बाहेर पडतो, म्हणजे चोर घरात कोंडून दाराला कडी लावल्यातली गत. जागा बदला, चवळी किंवा लाल माठ करा तिथे.

प्रश्न : पिवळे चिकट सापळे लावले तर? – एक वाचक, मालवण

उत्तर : लावा, पण सापळा लावला म्हणजे झालं असं नाही. पांढरी माशी आणि पंखवाला मावा चिकटतात, किती आलेत याचा अंदाज येतो इतकंच. रोपाच्या उंचीलाच टांगा, वर झाडावर नको.

प्रश्न : डिंगऱ्यांसाठी, म्हणजे मुळ्याच्या शेंगांसाठी, चार मुळे ठेवलेत, शेंड्याला मावा भरलाय. – एक वाचक, अलिबाग

उत्तर : भरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा, उरलेल्यावर नुसत्या पाण्याचा जोरात फवारा. लाल अंगावर काळे ठिपके असलेले गोल ढालकिडे दिसले तर हात लावू नका, ते मावाच खातायत. तोडलेल्या डिंगऱ्या भाजीआधी मिठाच्या पाण्यात ठेवा, आत दडलेला मावा सुटतो.