आईची गर्भपिशवी काढावी का?

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. गाव बीडच्या पाटोदा तालुक्यात. दसरा झाला की आई आणि दादा (माझे वडील) कोल्हापूरकडं ऊसतोडीला जातात. आईचं वय 34. दोन वर्षांपासून तिच्या अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतं. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, पिशवी खराब झालीय, काढा, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादम म्हणतो, 35 हजार देतो, उचलीत (आगाऊ मजुरीत) धरू. आई म्हणते, "एकदाची काढली म्हंजी पाळीपायी महिन्याला कामाचा खाडा पडतो, त्यो तरी टळंल." मी काय करू?

उत्तर : पोरी, पैसे घेण्याआधी पत्र पाठवलंस, फार बरं केलंस. तुझ्या आईचं हेच वाक्य मी माझ्या मावशीच्या तोंडून ऐकलंय. मी पुढं नर्स झाले, पण वाढले ऊसतोड्यांच्या झोपडीत, कोपीत. मावशीनं 29व्या वर्षी पिशवी काढली आणि दीड महिन्यात उसाच्या फडावर गेली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना तिचे पाय थरथरायचे, ते मी खालून बघायची. चाळिशीच्या आत तिची कंबर गेली. मग कंबरदुखीचे खाडे पडायला लागले आणि मुकादम तेही कापायचा.

आधी तपासणीचं बघू. नुसत्या सोनोग्राफीवरून कॅन्सर होणार असं कुणालाही सांगता येत नाही. त्यासाठी पिशवीच्या तोंडाचा नमुना घेऊन तपासावा लागतो. पांढरं जाणं हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो, तो गोळ्यांनी बरा होतो. काही वेळा त्या गोळ्या नवऱ्यालाही घ्याव्या लागतात, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. फडात न्हाणी नाही, संडास नाही, पाळीचं कापड धुवायला कालव्याचं पाणी आणि वाळवायला पाचटाचा आडोसा. दुखणं तिथून येतं. पिशवी काढली तरी कालवा तोच राहतो.

आईला बीडच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. सोनोग्राफीचा कागद सोबत ने आणि डॉक्टरांना विचार : आजाराचं नाव काय, औषधानं बरा होईल का, आणि पिशवीबरोबर अंडाशयही काढणार का? ते काढलं तर हाडं लवकर ठिसूळ होतात. 2019 साली सरकारी समितीनं बीडमध्ये 82,309 ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याच वर्षी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यांनी हे ऑपरेशन करू नये, असा आदेश निघाला. तुमच्या डॉक्टरांना ती परवानगी लेखी मागायला लाजू नकोस. कॅन्सर खरंच निघाला, किंवा गाठी मोठ्या असून रक्तस्राव औषधानं थांबत नसेल, तर ऑपरेशन करावंच लागेल. पण ते सरकारी दवाखान्यात करा आणि त्यानंतर निदान दोन महिने तिला मोळी उचलू देऊ नका. म्हणजे दसऱ्याला निघणं होणार नाही, हे दादांना आत्ताच सांग.

आता त्या 35 हजारांचं. 2024 साली तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला साधारण 366 रुपये झाला. म्हणजे हे पैसे फेडायला आई-दादांना 95 टनांच्या वर ऊस तोडावा लागेल. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, दिवसाला दोन टन धरले, तरी दीड महिन्यावर दोघांची मजुरी त्यातच जाईल. आणि यंदा फिटली नाही की मुकादम पुढच्या सालाची उचल त्यावर चढवतो. माझ्या मावशीचं तसंच झालं. ऑपरेशनच्या पैशापायी तिनं आणखी तीन हंगाम त्याच टोळीत काढले.

एवढं आईला वाचून दाखव. तिनं ऐकलं नाही तर दादांना बसव जवळ. बीडला जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या, सकाळी लवकर निघा, केसपेपरची रांग मोठी असते. काय निघालं ते मला कळव, मी वाट बघतेय.