शेवटी भरलेला ट्रक, सर्वांत आधी पोचणारा

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. अवजड वाहनाचा परवाना तुझ्या हाती आला आहे, साध्या मालवाहतुकीत तू दोन वर्षे काढली आहेस, आणि आता संगीताच्या दौऱ्यांवर सामानाचा ट्रक चालवावा असे तुझ्या मनाने घेतले आहे. या कामात मी सव्वीस वर्षे घातली, म्हणून तिथे चालकाने सर्वांत आधी काय शिकावे असे तू मला विचारलेस. गाडी चालवणे तुला येते असे मी धरून चालतो. बाकीचे लिहितो, आणि त्यातही ज्या एका गोष्टीवर सगळे उभे आहे ती आधी लिहितो. ती म्हणजे झोप.

कार्यक्रमाच्या रात्रीचा क्रम डोळ्यांसमोर आण. शेवटचे गाणे संपून सभागृहातले दिवे लागतात तेव्हा प्रेक्षक अजून खुर्च्यांतून उठत असतात, आणि मागच्या बाजूने पेट्या निघायला सुरुवातही झालेली असते. आधी वाद्ये आणि त्यांचे ॲम्प्लिफायर बाहेर येतात. मग स्पीकर, एलईडीचे पडदे, दिवे आणि ट्रस (दिवे-स्पीकर ज्यावर लावतात ते धातूचे सांगाडे) खाली उतरवले जातात. हे सारे छताला ज्यांच्यावर टांगलेले असते त्या साखळीच्या मोटरी मात्र अगदी शेवटी मोकळ्या होतात. दुसऱ्या दिवशी नव्या शहरात हाच क्रम बरोबर उलटा होतो. रिकाम्या जमिनीवर खडूने खुणा झाल्या की पहिली हाक पडते ती मोटरींना, कारण त्या छताला लागल्याशिवाय एक दिवा वर जात नाही की एक स्पीकर वर जात नाही. म्हणजे जो ट्रक सर्वांत शेवटी भरला जातो तोच सर्वांत आधी पोचावा लागतो. वाद्यांचा ट्रक रात्री बारालाच निघाला तरी त्याला दुपारपर्यंत कोणी विचारत नाही; मोटरींचा ट्रक अडीचला निघतो आणि त्याची सकाळी सहाला वाट पाहिली जाते.

याच अडचणीपायी मोठे दौरे काही सामग्रीचे एकाहून अधिक संच बाळगतात. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७४ साली सुमारे ७५ टनांची ध्वनियंत्रणा फिरवली, तेव्हा त्यांनी मंचाचे दोन संच ठेवले होते. एकावर कार्यक्रम चालू असताना दुसरा पुढच्या गावी उभा राहत असे. यू टू या बँडच्या २००९ ते २०११ या काळातल्या दौऱ्यात मंचावरचा पोलादी सांगाडा एवढा प्रचंड होता की असे तीन सांगाडे बनवून ते आळीपाळीने पुढे पाठवावे लागले. पण तुझ्या वाट्याला येतील त्यांपैकी बहुतेक दौऱ्यांवर संच एकच असेल, आणि मग दोन शहरांमधली ती रात्र चालकाच्याच अंगावर येते.

नव्या चालकाला वाटते की आपले काम रात्री अडीचला सुरू होते. ते खरे तर सकाळी नऊला, ट्रेलर रिकामा झाल्यावर, सुरू होते, आणि ते काम म्हणजे झोपणे. तुला मंचाजवळ रेंगाळावेसे वाटेल, ध्वनीची चाचणी ऐकावीशी वाटेल, कोणी मित्र पेट्या ढकलायला मदतीला बोलावील. जाऊ नकोस. जनरेटरपासून लांबची जागा मागून घे, केबिनचे पडदे ओढ, कानात बोळे घाल आणि झोप. दौऱ्याने दिवसापुरती हॉटेलची खोली दिली असेल तर ती घेतलीच पाहिजे, मग तिथवर चालत जावे लागले तरी चालेल. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली मोजून दाखवले आहे. सकाळी सातला उठून दिवसभर हिंडलेला चालक मध्यरात्री नेमका तिथे पोचलेला असतो, आणि त्याचा प्रवास अजून सुरूही झालेला नसतो. युरोपात अवजड ट्रकचा वेग यंत्रानेच ताशी ९० किलोमीटरला रोखलेला असतो. त्या वेगात ट्रक सेकंदाला २५ मीटर जातो. चार सेकंद डोळा लागला तर १०० मीटर रस्ता कोणीही न पाहता मागे पडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. मोकळ्या मैदानावर कार्यक्रम होता, दिवसभर पाऊस लागला होता, आणि चिखलावर अंथरलेल्या पत्र्यांवरून पेट्या एक-एक करून माणसांच्या हातांनी आणाव्या लागत होत्या. शेवटची मोटर ट्रेलरमध्ये आली तेव्हा सव्वाचार वाजले होते. त्या दिवशी मी दुपारी झोपलो नव्हतो. ध्वनिविभागातल्या एका मित्राच्या मदतीला गेलो होतो, आणि ते मी कोणालाच सांगितले नव्हते. दौऱ्याचे व्यवस्थापक म्हणाले, सगळे तुझ्यावर थांबले आहे, निघ. मी निघालो. दोन तासांनी, उजाडता उजाडता, रस्त्याच्या कडेच्या खरबरीत पट्टीवर चाके चढून अख्खी केबिन थरथरली आणि मी जागा झालो. उजव्या आरशात कठड्याचा पत्रा हातभर अंतरावर होता. पुढच्याच थांब्यावर गाडी उभी केली. किल्ली फिरवून इंजिन बंद करायला बोटे वळत नव्हती. तिथून फोन करून सांगितले की मी चार तास उशिरा येईन. त्यांनी तिकडच्या कामगारांना चार तास बसवून मजुरी दिली, दारे पाऊण तास उशिरा उघडली, आणि कार्यक्रम झाला.

त्या व्यवस्थापकांवर मी बरीच वर्षे रागावलेलो होतो. आज मला वाटते की माझी चूक आधीची होती. रात्री अकरालाच मी त्यांना सांगितले असते, की मी आज झोपलेलो नाही आणि पावसामुळे उशीर होणार हे दिसते आहे, तर जवळच्या शहरातून दुसरा चालक आणता आला असता, किंवा मोटरी दुसऱ्या ट्रकमध्ये भरता आल्या असत्या. पहाटे चारला माझ्या नकाराचा कोणालाच उपयोग नव्हता. म्हणून नकार द्यायचा असेल तर तो लवकर दे, आणि कारणासकट दे. चालक नाही म्हणाला म्हणून चिडलेले व्यवस्थापक मी पाहिले आहेत, पण वेळेवर नाही म्हणणाऱ्या चालकाला पुढच्या दौऱ्यावर वगळलेले मात्र फारसे पाहिले नाही.

यात कायदा तुझ्या बाजूने आहे, तेव्हा त्याचे आकडे तोंडपाठ असू देत. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते. दिवसाला ९ तास चालवता येते, आठवड्यातून दोनदा १० तास. आठवड्याला ५६ आणि सलग दोन आठवड्यांत मिळून ९० तासांची मर्यादा आहे. रोजची विश्रांती ११ तासांची असते, ती मोजक्या वेळा ९ तासांवर आणता येते. अमेरिकेत १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांची मुदत मिळते आणि तिच्या आत ११ तास गाडी चालवता येते. हे १४ तासांचे घड्याळ नीट समजून घे. ते एकदा सुरू झाले की पेट्यांची वाट पाहत उभे राहण्यात गेलेला वेळही साधारणपणे त्यातच मोजला जातो. त्यामुळे दुपारी कोणी खिडकीवर टकटक करून, ट्रक जरा दहा मीटर पुढे घे, असे म्हणाले तर ती मागणी वाटते तेवढी साधी नसते. विश्रांतीच्या मध्येच ट्रक हलवला की विश्रांती तुटू शकते, आणि रात्रीचा सगळा हिशेब कोलमडतो. ट्रक उभा करतानाच विचार, की संध्याकाळपर्यंत तो इथून हलवावा लागणार नाही ना.

आता भरणीविषयी. बऱ्याच दौऱ्यांवर पेट्या चालक स्वतः उचलत नाही, स्थानिक कामगार भरतात. तरीही ट्रेलरच्या तोंडाशी तू उभा राहिलाच पाहिजेस, कारण रस्त्यावर त्या वजनाचा धनी तू असतोस. दौऱ्याच्या पेट्यांची मापे ट्रेलरच्या रुंदीवरून ठरवलेली असतात. युरोपात ६० सेंटिमीटर रुंदीच्या चार पेट्या शेजारी शेजारी लावल्या की भिंतीपासून भिंतीपर्यंत ओळ भरते. पहिल्या कार्यक्रमानंतर जी रचना ठरते ती कागदावर काढून ठेव आणि रोज तीच ठेव. जड पेट्या सगळ्या एका टोकाला गेल्या तर ट्रेलरचे एकूण वजन मर्यादेत असूनही एखाद्या ॲक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आडव्या आसावरचा, भार मर्यादेबाहेर जातो, आणि वळणावर गाडी कशी वागेल ते सांगता येत नाही. दर काही ओळींनंतर आडवी दांडी किंवा बेल्ट लागलाच पाहिजे. पहाटे दोनला दमलेला कामगार म्हणेल, पुढची ओळ घट्ट आहे, बेल्ट नको. बेल्ट लावून घे.

दार उघडण्याची एक पद्धत मला माझ्या पहिल्या प्रमुख चालकाने शिकवली, ती जशीच्या तशी देतो. कडी सोडायच्या आधी तळहात दारावर सपाट ठेवायचा. आतून काही टेकलेले असेल तर दांडा फिरवताना तो नेहमीपेक्षा जड लागतो, आणि ते हाताला लगेच कळते. मग एकच दार वीतभर उघडायचे, स्वतः त्या दाराच्या आड उभे राहायचे, आणि फटीतून विजेरीचा झोत आत टाकून शेवटच्या ओळीची चाके पाहायची. चाके सरळ आणि जागेवर असली तरच दार पूर्ण उघडायचे. दोनशे किलोची पेटी चाकांवर असते, ती उताराने बाहेर आली तर कोणाला थांबवता येत नाही. मी ही पद्धत एकदाही सोडलेली नाही, आणि दोनदा तिच्यामुळे समोर उभ्या असलेल्या मुलाचे पाय वाचले आहेत.

सरहद्द ओलांडताना एटीए कार्ने नावाची कागदपत्रे तुझ्याजवळ असतील. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली ही व्यवस्था आहे; तिच्यामुळे तात्पुरते नेलेले सामान जकात न भरता आत नेता येते आणि वर्षाच्या आत परत आणायचे असते. त्यात प्रत्येक गिटार, प्रत्येक मायक्रोफोन यादीनुसार लिहिलेला असतो. प्रत्येक नाक्यावर, आत जाताना आणि बाहेर पडतानाही, शिक्का पडला की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर सामान त्या देशातच राहिले असे धरून काही महिन्यांनी जकातीची मागणी येते.

ट्रक मागे घेण्याविषयी थोडेच लिहितो. बऱ्याच अरीनांचे, म्हणजे मोठ्या बंदिस्त प्रेक्षागृहांचे, डॉक (ट्रक लावून सामान उतरवायची जागा) जमिनीखाली असतात, रॅम्प वळणाचे असतात, आणि अंधारातून एकदम उजेडात आल्यावर आरशात काही दिसत नाही. खाली उतर, चालत जाऊन पाहून ये, आणि मागे उभा राहून इशारा देणारा एकच माणूस ठरव. तो दिसेनासा झाला की थांब. मागे गाड्यांची रांग लागली असली तरी थांब.

पैशाविषयी तू विचारले नाहीस, पण ते मनात असणार. टेलर स्विफ्ट यांनी २०२३ साली आपल्या दौऱ्यावरच्या ट्रकचालकांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिल्याची बातमी जगभर झाली. मला ती वाचून मनापासून आनंद झाला, कारण या माणसांचे काम कोणाच्या तरी डोळ्यांना दिसले. पण त्या बातमीवर आपला संसार आखू नकोस. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे दौरे थांबले, ते काही दिवसांत सगळीकडे थांबले, आणि ज्यांनी साध्या मालवाहतुकीतली ओळख टिकवून ठेवली होती त्यांनाच लवकर काम मिळाले. दोन दौऱ्यांच्या मधल्या महिन्यांत जुन्या मालकाकडे फेऱ्या करत जा. घरच्यांनाही आधीच स्पष्ट सांग, की महिनोन् महिने तू सणासमारंभाला नसशील. ती गोष्ट नंतर समजावून सांगणे फार अवघड जाते.

कलाकारांविषयी जे दिसेल, ऐकू येईल ते ट्रकमध्येच राहू दे. ट्रक कुठे उभा आहे याचे छायाचित्रही कोणाला पाठवू नकोस. आत कोट्यवधींचे सामान असते आणि त्याच्या राखणीला रात्री तू एकटा असतोस.

सुरुवात कुठून करावी, तर ध्वनी आणि प्रकाशाची सामग्री भाड्याने देणाऱ्या एखाद्या कंपनीच्या गोदामातून कर. लगेच ट्रक मागू नकोस. एक आठवडा पेट्या ढकल, त्यांची वजने हाताला कळू देत, कोणती पेटी कोणत्या विभागाची हे रंगीत चिठ्ठ्यांवरून ओळखायला शीक. आठवडा झाला की मला लिही. कोणती पेटी सर्वांत जड लागली, आणि ती तू ट्रेलरमध्ये कुठे ठेवली असतीस, तेही कळव.

तुझा हितचिंतक