मोठीला बाळाचं नाव म्हणता येईल का?

"मॅडम, नाव ठरलंय, पण मोठ्याला ते म्हणताच येत नाही. बदलू का?"

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधून, कळव्याहून, ऐरोलीहून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आया हा प्रश्न वारंवार विचारतात. कुणी सातव्या महिन्यात विचारते, तर कुणी बारसं दोन दिवसांवर आल्यावर घाईघाईने फोन करून. घरचे लोक ही काळजी हसण्यावारी नेतात. मी नेत नाही. आठव्या महिन्याची बाई जेव्हा रात्र रात्र जागून नावांच्या याद्या खोडते, तेव्हा तिच्या मनात नावापेक्षा मोठं काहीतरी चाललेलं असतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मेघना त्यांपैकीच एक. (नावं आणि काही तपशील बदलले आहेत.) मोठी मुलगी जुई, अडीच वर्षांची. मुलगा झाला तर ऋत्विज आणि मुलगी झाली तर शर्वरी, हे मेघना आणि प्रसादने या बाळासाठी आधीच ठरवलं होतं. जुईच्या तोंडी त्याचं 'लुतीज' आणि 'सल्वली' झालं. मग मेघनाने नवी यादी केली, तीच घेऊन ती आली होती. ओम, मीत, नमन. आभा, निमा, मनवा.

"यातलं तुला मनापासून आवडलेलं कोणतं?" मी विचारलं.

तिने कागद पुन्हा वाचला. "एकही नाही."

तिची यादी अभ्यासपूर्ण होती, हे मान्य करायला हवं. प, ब, म, न, त, द हे आवाज मुलांना लवकर जमतात, कारण ओठ मिटले किंवा जीभ दातांना टेकली की काम होतं. र, श, ळ आणि जोडाक्षरं मागाहून येतात. 'र'साठी जिभेचं टोक थरथरावं लागतं, अडीच वर्षांच्या जिभेला ते अवघडच. म्हणून राम 'लाम' होतो, काही मुलांचा काका 'ताता' होतो. बहुतेक मुलांची ही अडचण शाळेत रुळेपर्यंत सुटते, काहींचा 'र' पाच-सहा वर्षांपर्यंत रेंगाळतो. नाव मात्र माणूस साठ-सत्तर वर्षं वापरतो. हे मी मेघनाला सांगितलं, तिला पटलंही. पण चेहरा सैल झाला नाही. पटण्याने जी काळजी जात नाही, तिचं मूळ दुसरीकडे असतं.

पुढच्या वेळी मी तिघांनाही बोलावलं. जुई ठोकळे मांडत बसली होती. मी प्रसादला म्हटलं, "तिच्या उच्चारात नाव घेऊन बघा."

"जुई, आईच्या पोटात कोण आहे? लुतीज?"

जुईने मान वर केली. चांगलीच चिडली होती. "लुतीज नाही! लुतीज!"

"बरं. ऋत्विज?"

"हां. लुतीज." आणि ती पुन्हा ठोकळ्यांकडे वळली.

प्रसाद चकित झाला. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 साली अगदी असाच प्रसंग नोंदवला होता. एक लहान मुलगा आपल्या प्लास्टिकच्या माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणायचा, पण मोठ्या माणसाने 'फिस' म्हटलं की त्याला ते खपायचं नाही. मुलांचा कान जिभेच्या बराच पुढे असतो. आपल्याला 'लुतीज' ऐकू येतं, जुईच्या मनात मात्र 'ऋत्विज' स्वच्छ उमटलेलं होतं.

मेघना हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी थांबले. अशा वेळी रुमाल पुढे करायचीही घाई करू नये, असं माझं मत आहे.

"तिला नाव नीट कळतंय," थोड्या वेळाने मी म्हटलं. "मग आता भीती कशाची उरली?"

"ती पोटाला हात लावत नाही, मॅडम. आधी लावायची, पापा घ्यायची. आता हात मागे घेते. मला वाटलं, निदान नाव तरी तिच्या जिभेवर बसेल असं ठेवू. माझी मांडी जाणार, माझ्याशेजारची झोप जाणार. तिचं सगळं मीच काढून घेतेय."

"हात मागे घ्यायला कधीपासून लागली?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "गणपतीत," प्रसाद म्हणाला. "घर भरलेलं होतं. जो येईल तो तिला म्हणायचा, 'म्हण बघू, ऋत्विज!' ती म्हणायची आणि सगळे हसायचे. मीही व्हिडिओ काढले. माझी आई तर अजून रोज म्हणायला लावते."

मेघना एकदम म्हणाली, "म्हणजे नाव अवघड नव्हतंच. आम्ही तिची परीक्षा घेत होतो."

हे वाक्य मी तिला सांगितलं असतं तर त्याचा निम्माही उपयोग झाला नसता. ते तिचं तिला सापडलं. त्या दिवशीचं माझं काम एवढंच होतं की तिला योग्य जागी नेऊन उभं करायचं, आणि ते नीट झालं याचं मला समाधान आहे.

माझ्या विचारांवर आल्फ्रेड अॅडलर या ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञाचा प्रभाव आहे, तो मी लपवत नाही. अॅडलर स्वतः घरातला दुसरा मुलगा. धाकटं भावंड आलं की थोरल्याला आपलं सिंहासन गेल्यासारखं वाटतं, हे त्याने फार बारकाईने मांडलं. मुलाला घरात आपली अशी जागा हवी असते, आपला उपयोग आहे असं वाटायला हवं असतं, हे त्याच्या विचाराचं सार मला रोजच्या कामात पटत आलं आहे. जुईला भावंडाविषयी सर्वांत आधी काय कळलं? त्याच्या नावाची परीक्षा असते, त्यात मी नापास होते आणि लोक हसतात. अशा बाळाला कोण हात लावेल? 'ओम' ठेवलं असतं तर परीक्षा सोपी झाली असती, पण ती परीक्षाच राहिली असती.

म्हणून माझं सांगणं असं. दोन नावं सारखीच आवडत असतील तर सोपं नाव खुशाल निवडा, थोरल्याचा तेवढा मान जरूर राखा. पण मनापासून आवडलेलं नाव बोबड्या बोलासाठी सोडू नका. तुम्ही स्वतः नाव नीट, सहज, रोजच्या वाक्यांत घ्या. बोबड्या उच्चाराची नक्कल करू नका, त्यावर हसू नका, दहादा म्हणवून घेऊ नका. पाहुण्यांनाही तसं सांगा, वाईटपणा आला तरी. "बाळाचं नाव काय ठेवू या?" असं थोरल्याला मोघम विचारू नका. मूल 'टोमॅटो' म्हणेल, तुम्ही हसाल आणि त्याचं मत मोजलं जात नाही हे त्याला कळेल. त्यापेक्षा घरातलं हाकेचं नाव त्याला ठेवू द्या. कागदावरचं एक, पत्रिकेचं एक आणि घरचं एक ही आपल्याकडची जुनी सोय आहे, तिचा उपयोग करा.

घाईचंही कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव लिहिलंच पाहिजे असं नाही, वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं.

आणि थोरल्याला काम द्या, खरं काम. दुपटं आणून देणं, अंघोळीच्या वेळी टॉवेल धरणं, बारशाला घुगऱ्यांच्या वाट्या वाटणं. 'ताई झालीस ना, आता शहाण्यासारखं वाग' हे काम नव्हे, ओझं आहे.

मेघनाच्या सासूबाईंशी मी वेगळं बोलले. प्रेमळ बाई. त्यांनी एकच विचारलं, "मग तिच्याशी बाळाविषयी बोलायचंच नाही का?" मी म्हटलं, "आजी, बोला ना. फक्त विचारू नका, सांगा. जुई लहान असताना कशी होती, ते सांगा." आजींना ते फार आवडलं. बाळाविषयी बोलताना थोरल्याच्या बाळपणाच्या गोष्टी सांगाव्यात, हे मी सर्वच आजीआजोबांना सुचवते. आपणही असेच सगळ्यांच्या कौतुकाचे होतो, हे मुलाला त्यातून कळतं.

मुलगी झाली. शर्वरीच नाव ठेवलं. आत्याने कानात नाव सांगितलं, तेव्हा जुई पाळण्याची दोरी धरून होती. तिने बहिणीला 'मोमो' हे नाव दिलं आहे आणि आता सगळं घर तिला मोमोच म्हणतं. मत्सर संपला असं नाही. मोमो दूध पीत असली की जुईलाही नेमकं तेव्हाच मांडीवर बसायचं असतं. पण मेघना आता त्याने अपराधी होत नाही, दुसऱ्या मांडीवर तिला घेते.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. चौथं वर्ष पूर्ण झालं तरी मुलाचं बोलणं बाहेरच्या माणसांना कळत नसेल, किंवा ते हाकेला नीट प्रतिसाद देत नसेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्या आणि स्पीच थेरपिस्टना दाखवा. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' म्हणून वाट बघत बसू नका.