युगांडाची वीज, तुमची पुंजी : वाचकांचे प्रश्न

गेले काही महिने टपालात युगांडाच युगांडा आहे. तिथल्या ‘उमेमे’ या खासगी वीज वितरण कंपनीची २० वर्षांची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली आणि सगळे जाळे ‘यूईडीसीएल’ या सरकारी कंपनीकडे परत गेले. कोणीतरी याचा अर्थ लावला की आता सगळे नव्याने वाटणार, भारतीयांनी शिरायची हीच वेळ. तो अर्थ फॉरवर्ड होत होत माझ्यापर्यंत पोचला आहे, दर वेळी नव्या पाहुण्याच्या नावाने. मी कंपालात काही वर्षे एका कर्ज देणाऱ्या संस्थेसाठी वीज प्रकल्पांचे हिशेब तपासले. तेवढ्या अधिकारावर ही उत्तरे.

प्रश्न : उमेमेचा शेअर कंपाला आणि नैरोबी दोन्ही बाजारांत आहे. भाव पडलाय. वीज तर लोक वापरणारच, मग आता घेऊन ठेवावा का? (पुणे)

वीज लोक वापरतील, बिल मात्र उमेमेला जाणार नाही. कंपनीकडे आता ना तारा, ना मीटर, ना ग्राहक. सरकारने जाळ्यापोटी सुमारे ११.८ कोटी डॉलर दिले. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आणखी २९ कोटींच्या वर येणे होते आणि तो वाद लवादाकडे गेला. २०१२ मध्ये २७५ शिलिंगला विकला गेलेला शेअर वीज कंपनीचा होता. आज तुम्ही घ्याल तो एका दाव्यातला हिस्सा. लवादाची कागदपत्रे वाचून घेऊ शकणारा वकील ओळखीत असेल तर त्याला विचारा. शेअर दलालाला विचारू नका.

प्रश्न : भारतातून तिकडे पैसे पाठवता येतात का? (ठाणे)

येतात; रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली माणशी वर्षाला २.५ लाख डॉलरपर्यंत. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापेल, तो विवरणपत्रात वळता होतो. परदेशी मालमत्तेची नोंद विवरणपत्रात करावीच लागते. बाकी तुमच्या सीएला विचारा.

प्रश्न : १९७२ सारखे भारतीयांना पुन्हा हाकलून दिले तर? (नागपूर)

तेव्हा हाकलणारा हुकूमशहा ईदी अमीन गेला, १९८२ च्या कायद्याने जप्त मालमत्ता परत मिळवायची वाटही खुली झाली. तुमचे पैसे बुडालेच तर ते अमीनमुळे बुडणार नाहीत, न वाचलेल्या करारामुळे बुडतील.

प्रश्न : मी महावितरणमधून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. मित्राचा मुलगा पश्चिम युगांडात ५ मेगावॅटच्या लघुजलविद्युत प्रकल्पासाठी भागीदार शोधतोय. नदी बारमाही, यंत्रसामग्री चांगली. माझी ४० लाखांची तयारी आहे. करुमासारखी धरणे बांधणाऱ्या देशात वीज खपणारच ना? (छत्रपती संभाजीनगर)

साहेब, तुमच्या तीन पानी पत्रात हेड म्हणजे पाण्याच्या पडण्याची उंची आहे, डिस्चार्ज म्हणजे प्रवाह आहे, टर्बाइनचा प्रकार आहे. पैसे कोण देणार, हे एकदाही नाही. पत्र लिहिणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचे हेच होते, आणि तुम्ही तर वसुलीच्या खात्यात आयुष्य काढलेत!

आधी खपाचे बघू. करुमाचे ६०० मेगावॅट २०२४ मध्ये रीतसर सुरू झाले. देशाची स्थापित क्षमता २००० मेगावॅटच्या वर गेली आणि मागणी तिच्या बरीच मागे आहे. म्हणजे आज तिथे तुटवडा विजेचा नाही. तुटवडा आहे तो ती पोचवणाऱ्या तारांचा आणि ती परवडणाऱ्या गिऱ्हाइकाचा. मोठ्या प्रमाणावर वीज विकत घेणारी पारेषण कंपनी एकच, सरकारी ‘यूईटीसीएल’. अनेक छोटे प्रकल्प तयार होऊन बसले आणि लाइन आली नाही, हे तिथे घडून गेलेले आहे. अशा वेळी काही करारांत ‘वीज उचलली नाही तरी उचलली असे धरून पैसे’ असे कलम असते. बघायला ते कलम फार गोड दिसते. पण न वापरलेल्या विजेचे पैसे शेवटी कोणाच्या तरी बिलात घालावे लागतात, आणि ते बिल भरणारा मतदारही असतो.

तो कोण, ते सांगतो. कंपालातल्या नाकावाच्या बाजारात एक केळीवाली होती. संध्याकाळी मोबाइलवरून ५००० शिलिंगचे ‘याका’ घ्यायची. याका म्हणजे तिथला प्रीपेड मीटर. लुगांडा भाषेत त्याचा अर्थ ‘पेट’. ५००० शिलिंग म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये, त्यात मोजकीच युनिटे यायची. मग ती मेसेजमधला २० आकडी नंबर मीटरच्या बटणांवर एकेक करून दाबायची, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या पाच मेगावॅटचे डॉलर तिथून निघणार आहेत. तिने पाच हजारांऐवजी तीन हजारांचे घेतले की ती चणचण फिरत फिरत तुमच्या भागीदारीच्या ताळेबंदात येते.

दुसरे, चलन. तिची मिळकत शिलिंगात, प्रकल्पाचे कर्ज डॉलरात. उमेमे आली तेव्हा २००५ मध्ये डॉलरला १८०० च्या आत-बाहेर शिलिंग पडत, ती गेली तेव्हा ३६०० च्या वर. नियामक संस्था ‘ईआरए’ दर तिमाहीला विनिमय दर, महागाई आणि इंधन बघून वीजदर बदलते. कागदावर व्यवस्था चोख आहे. पण राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी कारखान्यांना ५ सेंटला युनिट द्या म्हणून जाहीर सभांतून सांगत असतात. कागद आणि सभा यांच्यात ओढाताण झाली की नियामकावर काय दाब येतो, हे मुंबईच्या वीज नियामक आयोगाच्या सुनावणीला कधी बसला असाल तर मी सांगायला नको.

तिसरे माझ्या फार जिव्हाळ्याचे, म्हणून जरा लांबेल. वीज करार मी नेहमी मागून वाचतो. पहिल्या पानांवर लग्न असते, शेवटच्या पानांवर घटस्फोट. उमेमेचेच बघा. १९९९ च्या कायद्याने जुने वीज मंडळ मोडायचे ठरले, २००१ मध्ये त्याच्या निर्मिती, पारेषण, वितरण अशा तीन कंपन्या झाल्या. आपले वीज मंडळ मोडले ते जून २००५ मध्ये, त्यांच्यानंतर. २००५ च्या मार्चमध्ये उमेमे आली तेव्हा वीजगळती ३८ टक्के होती; जाताना ती सोळा-सतरा टक्क्यांवर होती आणि ग्राहक तीन लाखांच्या आतून वीस लाखांच्या पुढे गेले होते. काम म्हणून बघाल तर उत्तम. पण करारात गुंतवणुकीवर डॉलरमध्ये २० टक्के परतावा कबूल केलेला. वाढीव बिल हातात पडले की लोकांना गळती आठवत नाही, ते वीस टक्के आठवतात. संसदेच्या समितीने २०१४ मध्येच हा करार मोडायची शिफारस केली होती. करार मुदतभर चालला, आणि भांडण लागले ते निरोपाच्या दिवशी : तुम्ही जाळ्यात घातलेले नेमके किती पैसे वसूल व्हायचे राहिले, आणि त्यातले आमच्या परवानगीने घातलेले किती. वीस वर्षांची पावती-पावती. तिथे जगभरचे सल्लागार दिमतीला होते. तुमच्या मित्राच्या मुलाकडे कोण आहे?

आणि आपल्याला हे परके वाटायचे कारणच नाही. दाभोळचा करार डॉलरशी बांधलेला, वीज घ्या अथवा न घ्या, पैसे द्या अशा धाटणीचा, वर राज्याची हमी आणि त्यावर केंद्राची. रुपया घसरला, मंडळ दर महिन्याच्या बिलाने घायकुतीला आले, २००१ मध्ये मंडळाने करार मोडीत काढला आणि दाभोळचे वीज केंद्र बंद पडले. तुमच्या खात्यातल्या माणसांना हे पाठ असायला हवे.

एक गोष्ट तुमच्यासारख्या अभियंत्याच्या लगेच ध्यानात येईल. नालुबाले, कीरा, बुजागाली, इसिंबा, करुमा ही सगळी धरणे एकाच नदीवर, नाईलवर. ती ज्यातून निघते त्या व्हिक्टोरिया सरोवराची पातळी २००५-०६ मध्ये खाली गेली तेव्हा देशभर भारनियमन होते. तुमची नदी वेगळी आहे, हा मुद्दा तुमच्या बाजूचा. पण तिचे वर्षानुवर्षांचे मोजमाप कोणी केले, ते मागा.

कंपालातला स्वतःचा वकील करा, भागीदाराने सुचवलेला नव्हे. ईआरएकडे परवान्याची नोंद आहे का, यूईटीसीएलबरोबरचा खरेदी करार सहीचा आहे की नुसता मसुदा, लाइन कोण बांधणार, कधी आणि उशीर झाला तर भुर्दंड कोणाला, करार मोडला तर काय हातात येते, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तोवर ४० लाख बँकेत राहू द्यात. निवृत्तीचे आहेत.

प्रश्न : ‘युगांडा सोलर मिनी-ग्रिड, महिना ३ टक्के डॉलरमध्ये, सरकारी हमी’ अशी योजना आमच्या ग्रुपवर आहे. हॉटेलात सेमिनारही झाला. (कोल्हापूर)

फसवणूक आहे. जगात कुठल्याच गावातले लोक विजेचे बिल भरून तुम्हाला महिन्याला ३ टक्के देऊ शकत नाहीत. हमीचा कागद दाखवा म्हटले की ‘गोपनीय’ म्हणतील. विश्वास बसत नसेल तर तो कागद घेऊन कोणत्याही वकिलाकडे जा, आणि पैसे दिले असतील तर सायबर पोलिसांकडे, आजच.

प्रश्न : मी कंपालातच नोकरीला आहे. उमेमे गेल्यापासून आमच्या भागात वीज जास्त जाते. म्हणजे खासगीकरण बरे होते, असेच ना? इन्व्हर्टर-बॅटरीचा धंदा टाकावा म्हणतो. (कंपाला)

इतक्या लवकर ठरवू नका. नव्या कंपनीने जाळे हाती घेतले ते घाईचे होते, आणि मुदत संपत आली की कोणतीही खासगी कंपनी नव्या ट्रान्सफॉर्मरवर हात आखडताच ठेवते. त्यामुळे दोष कोणाचा, याचे उत्तर वेगवेगळ्या रोहित्रांपाशी वेगवेगळे मिळेल. धंद्याचे म्हणाल तर तुमचा वर्क परमिट त्याला चालतो का, हे पहिले विचारा. नोकरीचा परमिट धंद्याला चालत नाही. तिथल्या वकिलाला भेटल्याशिवाय दुकानाचा गाळा बघायला जाऊ नका.

प्रश्न : २०२२ च्या अखेरीस कंपालातल्या एका ऊर्जा कंपनीत २५ लाख पाठवले. शेअर सर्टिफिकेट अजून आले नाही. ‘लायसन्स आले की देतो’ म्हणतात. परवा आणखी ५ लाख मागितले. आता काय करावे? (सांगली)

हे पत्र तुम्ही २०२३ च्या मध्यावर लिहायला हवे होते. शेअर बाजारात न नोंदलेल्या परदेशी कंपनीत भांडवल घातले तर पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत शेअर मिळाल्याचा पुरावा बँकेत द्यावा लागतो, नाहीतर रक्कम परत आणावी लागते. त्याशिवाय दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल. तुमच्याकडे दोन्ही नाही, म्हणजे बुडालेल्या पैशाबरोबर फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, भंगही तुमच्या नावावर आहे. सहा महिन्यांनी तरी विचारले असते तर परत मागण्याला जोर होता.

या आठवड्यात एवढे करा. बँकेत जाऊन त्या रेमिटन्सचे फॉर्म आणि कोणत्या कारणासाठी पैसे गेले त्याचा कोड काढा. काही वेळा भांडवल म्हणून सांगितलेले पैसे ‘कर्ज’ किंवा ‘भेट’ म्हणून गेलेले असतात आणि सगळे प्रकरणच बदलते. ती कंपनी युगांडाच्या नोंदणी कार्यालयात, ‘यूआरएसबी’त, खरेच आहे का आणि भागधारकांत तुमचे नाव आहे का, हे तिथल्या वकिलाकरवी तपासा. मग फेमा जाणणाऱ्या सीएला भेटा. उशिराचे शुल्क भरून सुधारता येईल की रिझर्व्ह बँकेकडे तडजोडीचा अर्ज लागेल, ते कागद बघून तोच सांगेल. फोनवर त्यांच्याशी वाद घालू नका, ईमेलनेच लिहा. ५ लाख मात्र द्यायचे नाहीत, लायसन्सचा फोटो पाठवला तरी.