केळीचं टिश्यू कल्चर: पहिल्या बॅचआधी

मुनवा (केळीच्या बुडाशी फुटणारं पिल्लू) तलवारीसारख्या अरुंद पानांचाच निवडा, आणि मातृझाडाची विषाणू तपासणी आधी करून घ्या. बंची टॉप (शेंड्याला पानांचा झुपका करणारा विषाणूरोग) झालेल्या झाडापासून रोगट रोपंच वाढतील. बाटलीत वाढवल्याने विषाणू मरत नाही.

एमएस माध्यमाला (कोंब ज्यात वाढतो ते मुराशिगे-स्कूग पोषक मिश्रण) लिटरमागे 30 ग्रॅम साखर (किराण्यातली चालते), 7 ग्रॅम अगार (माध्यम घट्ट करणारी पूड), सामू (pH) 5.8. सामू अगार घालण्याआधीच जुळवा. तो 5 च्या खाली घसरला की माध्यम धड घट्ट होत नाही, कोंब आत बुडतो. मग ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंशांवर 20 मिनिटं.

कापलेला गाभा काळवंडला तर घाबरू नका, ते फिनॉल, म्हणजे कापल्यावर झाडातूनच सुटणारी रसायनं. काळी कड छाटून ताज्या माध्यमात हलवा. कोंबाच्या बुडाशी दुधाळ वलय दिसलं तर मात्र जिवाणू आहेत: झाकण न उघडता बाटली आधी ऑटोक्लेव्हला, मग धुवायला.