चेनसॉची दोरी ओढून दमलात? आधी पेट्रोलची बाटली बघा

मे महिना लागला की बांधावरची बाभूळ पावसाआधी काढायची घाई सुरू होते आणि हिवाळ्यात गोठ्यात टांगलेली चेनसॉ खाली उतरते. मग निरोपांची रांग लागते : ‘मशीन चालू होत नाही, काय करू?’ प्लग ओला आहे की कोरडा, पेट्रोल कधीचं, शेवटची कधी चालली, यातलं कुणी काही लिहीत नाही. ज्यांनी थोडं तपशिलानं लिहिलं, त्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं.

फुल चोक देऊन पंधरा-वीस वेळा दोरी ओढली. पेट्रोलचा वास सुटलाय, प्लग काढला तर ओलाचिंब. – पंढरपूर

मशीन ओव्हर झाली आहे, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय, आणि ती तुम्हीच केली आहे. थंड मशीनला फुल चोक दिला की तिसऱ्या-चौथ्या झटक्याला इंजिन एकदाच ‘फट’ करतं आणि बंद पडतं. तिथं चोक अर्ध्यावर आणायचा आणि मग ओढायची. शेजारी ट्रॅक्टर चालू असेल तर ती फट ऐकू येत नाही, माणूस फुल चोकवरच ओढत बसतो आणि सिलेंडरमध्ये पेट्रोल साचत जातं. पाच-सहा झटक्यांत काही ऐकू आलं नाही तरी चोक अर्ध्यावर घ्या.

आता स्विच बंद करा, प्लग काढा, चोक पूर्ण उघडा आणि मशीन जमिनीवर दाबून धरून आठ-दहा वेळा दोरी ओढा. आतलं पेट्रोल भोकातून उडेल, तेव्हा तोंड बाजूला ठेवा. जवळ विडी, चूल काही नको. प्लग पुसून कोरडा करून बसवा आणि चोक न देता ओढा. हे सगळं नीट करूनही मशीन रोज ओव्हर होत असेल तर कारबुरेटरची, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, सुई गळते आहे. ती मेकॅनिकलाच बघू द्या.

प्लग पॉलिश पेपरनं घासून लावला की काम होतं, असं वखारीतले सांगतात. – बार्शी

घासलेले कण सिलेंडरमध्ये जातात. नवा प्लग लावा, नंबर मशीनच्या पुस्तकातला, टोकांमधला गॅप बहुतेक मशीनना 0.5 मिलीमीटर.

मग करंट येतो का, ते प्लग सिलेंडरला टेकवून बघायचं ना? – तेच वाचक

उघड्या भोकाजवळ नको. आतून पेट्रोलची वाफ येत असते, ठिणगीनं भडका उडतो. करंट तपासायचा टेस्टर मिळतो, तो वापरा किंवा दुकानात नेऊन तपासून घ्या.

डिसेंबरात ठेवली तेव्हा मशीन चांगली चालत होती. आता ढिम्म हलत नाही. प्लग नवा घातला, एअर फिल्टर धुतला. ऑइल मिसळलेलं दीड लिटर पेट्रोल बाटलीत शिल्लक होतं, तेच भरलंय. दुकानदार म्हणाला, ऑइल जरा वाढवा, इंजिन टिकतं. वाढवलं, तरी फरक नाही. – मंगळवेढा

प्लग बदललात, फिल्टर धुतलात, फक्त पेट्रोल तेवढं जुनं ठेवलंत. माझ्याकडे येणाऱ्या ‘चालू होत नाही’वाल्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त दोष इथंच सापडतो. पेट्रोलला पैसे मोजलेले असतात म्हणून फेकवत नाही. त्यापायी नवा कारबुरेटर बसवायची वेळ येते.

पेट्रोलमधला जो हलका भाग लवकर पेट घेतो, तोच आधी उडून जातो. थंड इंजिन पहिल्यांदा पेटायला नेमका तो लागतो. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये, अर्धवट भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, चाळिशीपार उन्हात पाच महिने ठेवल्यावर मागे काय उरणार?

दुसरी गोष्ट इथेनॉलची. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपला सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉलबद्दल वाईट बोललेलं कुणाला आवडत नाही. उसाला भाव मिळतो तर मिळू द्या, माझी तक्रार साठवणुकीची आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. तुम्ही मिसळलेलं टू-टी ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. आणि टाकीतला फिल्टर कुठं असतो? तळाला. म्हणजे इंजिनला पहिल्यांदा मिळतं ते बिनऑइलचं पाणीदार मिश्रण. मशीन पेटली नाही तर नशीब म्हणायचं, कारण तशीच पेटली तर पिस्टन धरतो, म्हणजे सिलेंडरमध्ये जाम होतो. काचेच्या बरणीत ते पेट्रोल ओतून थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर तुम्हाला उत्तर मिळालं. थर दिसला नाही तरी ते पेट्रोल चेनसॉसाठी बादच धरा.

इथेनॉलनं रबरही खराब होतं. कारबुरेटरमधला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा रबरी पडदा, मऊ, लवचीक हवा. जुन्या पेट्रोलात महिनोन्‌महिने राहिलेला डायफ्राम मी काढतो तेव्हा तो आपल्या कडक भाकरीसारखा झालेला असतो. तो हललाच नाही तर पेट्रोल ओढणार कोण? अशा वेळी तुमचा प्लग कोरडा ठणठणीत निघेल. टाकीतली नळीही बघा, ती फुगते, चिकट होते, फिल्टरपाशी चिरते.

आता ‘ऑइल वाढवा’ या सल्ल्याबद्दल. ऑइल वाढवलं की त्याच मापात पेट्रोल कमी होतं, प्लग काळा पडतो, सायलेन्सरच्या जाळीत कार्बन भरतो आणि मशीन आणखीच जड सुरू होते. पुस्तकात 50 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40 मिली. हे मापानं घ्यायचं. ‘एक झाकण’ हे माप होत नाही, प्रत्येक डब्याचं झाकण वेगळं असतं. मोटारसायकलचं फोर-टी ऑइल तर अजिबात नको. आणि ‘पेट्रोल पुन्हा ताजं करणारी’ म्हणून जी छोटी बाटली काउंटरवर ठेवलेली असते, ती दुकानाच्या फायद्याची. उडालेला भाग तिनं परत येत नाही.

तुम्ही टाकी रिकामी करा, ताजं पेट्रोल मापून मिसळा, पाच-सहा वेळा ओढून बघा. नाही झाली तर थांबा. डायफ्रामचं किट बदलायला मेकॅनिककडे न्या, अख्खा कारबुरेटर बदलायला इतक्यात हो म्हणू नका. पुढच्या वेळी महिन्याभरात संपेल एवढंच मिसळा. मशीन ठेवताना टाकी ओतून घ्या आणि उरलेलं मिश्रण संपून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पेट्रोलचा कॅन झाकणाचा, सावलीत, आणि घरात नाही.

सकाळी दोन झटक्यांत सुरू होते. एक टाकी मारून बंद केली की परत सुरू व्हायला अर्धा तास लागतो. – करमाळा

उन्हात ठेवता का? गरम इंजिन, त्यात वरून ऊन, कारबुरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि ते पुढं सरकत नाही. मशीन झाडाच्या सावलीत ठेवा आणि गरम असताना चोक देऊ नका, त्यानं उलट ओव्हर होते.

सावलीत ठेवूनही हेच होत असेल तर तीन संशय : गरम झाल्यावर प्लगला करंट देणारी कॉइल करंट देईनाशी होतेय, टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग बुजलाय किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, उतरलंय. शेवटचं घरी ढोबळ बघता येतं. स्विच बंद, चेन ब्रेक लावलेला, आणि मशीन दोरीच्या मुठीला धरून हळू लटकवा. टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत खाली आली तर ठीक. एकदम सरकन आली तर दम गेलाय. खरा आकडा गेजवर कळतो, शंभर पीएसआयच्या खाली असेल तर प्लग आणि पेट्रोलवर आणखी पैसे घालवू नका. गरम मशीनच्या टाकीचं झाकण मात्र तपासायला म्हणून उघडू नका, दाबानं पेट्रोल अंगावर उडतं.

ऑनलाइन स्वस्तात 62 सीसीची मशीन घेतली. वर्षात दोन कारबुरेटर बदलले, तरी तोच त्रास. – सांगोला

स्टिकरवरच्या सीसीवर विश्वास ठेवू नका. बोअर-स्ट्रोक, म्हणजे सिलेंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल, मोजला तर अशा कित्येक मशीन लहान निघतात. दोन कारबुरेटरनंतर तिसरा घेण्याआधी कारबुरेटर आणि सिलेंडरमधला रबरी जोड आणि गॅस्केट तपासायला सांगा. तिथून हवा शिरत असेल तर कारबुरेटर कितीही बदला. आणि काढलेला पार्ट परत मागून घ्या. तो द्यायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

दारातला कडुलिंब घरच्या मशीननं पाडला तर चालेल का? – अक्कलकोट रोड, सोलापूर

शहरात 1975 चा झाडांचा कायदा आहे. महापालिकेच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

मशीन जड सुरू होते म्हणून मुलगा एका हातानं ती खाली झटकतो आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढतो. मला भीती वाटते. – दक्षिण सोलापूर, एक आई

ताई, भीती बरोबर आहे, त्याला आजच थांबवा. चोक अर्ध्यावर असताना रेस वाढलेली असते, त्यामुळे मशीन पेटली की चेन त्याच क्षणी फिरते, आणि हातात लोंबकळणारा बार, म्हणजे चेनची पट्टी, मांडीच्या उंचीवर असतो. मशीन जमिनीवर ठेवायची, चेन ब्रेक लावायचा, उजव्या पायाचा चवडा मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर. दोरी आधी हळू ओढून अडेपर्यंत आणायची, तिथून जोरात, पण पूर्ण बाहेर नाही, आणि सोडताना हातानं धरूनच आत जाऊ द्यायची.

त्याला झटकायची गरज पडते, याचा अर्थ मशीनमध्ये दोष आहे. वर सांगितलेलं पेट्रोल आधी बघा. आणि एक तपासा : मशीन चालू असताना, ब्रेक काढलेला आणि रेस न देता चेन फिरते का? फिरत असेल तर रेसचा स्क्रू किंवा क्लच बिघडलाय. ती मशीन रानात जाऊ देऊ नका, आधी दुकानात पाठवा.